झेलणारा डबा

माझी नात परदेशात गाण्याचे कार्यक्रम करून परत आली, त्या सकाळी मी ओटल्यावर जवळा निवडत बसले होते. आमच्या आळीत टॅक्सी शिरत नाही. गावाच्या चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, पण मधल्या गल्ल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. ती नाक्यावर उतरली आणि दोन बॅगा खडखडत ओढत आली. तिसरी पाठीवर होती. डोळ्यांखाली काळं, केस तेल न लावलेले, पायात कुठलेसे जाड बूट.

मी म्हटलं, "आलीस? हार नाय घातला कुनी?"

"आजी, आधी पाणी दे. सत्कार नंतर कर."

पाणी पिऊन ती जी झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारीच उठली. सुनेने दोनदा जाऊन तिच्या नाकाजवळ हात धरून पाहिला.

नातीच्या मागे कुठली कंपनी नाही. गाणी तीच बांधते, तीच गाते, कार्यक्रम तीच ठरवते. तिकडे गाडीसुद्धा तीच चालवत होती, सामान उतरवत होती आणि गाणं संपल्यावर दारात उभी राहून आपलं चित्र छापलेले सदरे विकत होती. माझा मुलगा तळोज्याला कारखान्यात आहे. लोक त्याला विचारतात, मुलगी काय करते? तो म्हणतो, "गाते." मग लोक विचारतात, "आणि काम काय करते?" त्यावर तो तंबाखू मळायला लागतो.

मला मात्र तिचं काम समजून घ्यायचं होतं. मी चौथी शिकलेली बाई. उरणच्या पलीकडे कधी बोटीने गेले नाही. पण गाणं हे माझंही काम आहे. आमच्या आगरी लोकांत लग्नाला धवलारीण लागते. मांडवात बसून ती धवले म्हणते, म्हणजे लग्नाची गाणी. देवांना बोलावते, पितरांना बोलावते, हळद कोणी लावायची तेही तीच गाऊन सांगते. पूर्वी भटजी नसला तरी चालायचं, धवलारीण नसली तर मांडव सुना. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून हेच करत आले आहे. त्यामुळे नात उठल्या उठल्या मी तिला विचारायला सुरुवात केली.

"लोकं बसतात कशी? खाली का खुर्चीत?"

"कुठे खुर्चीत, कुठे उभे. एका ठिकाणी उशा टाकल्या होत्या. एकदा तर बेकरीत गायले, भट्टीशेजारी."

"खात व्हते का गाताना?"

"नाही गं. गप्प असतात. अंधार करतात आणि गप्प बसतात. खोकलासुद्धा दाबून धरतात."

हे मला नवीन होतं. आमच्याकडे मी गात असताना पोरं रडतात, बायका भांडतात, कोणी ओरडतं की बर्फ आला नाही. गप्प माणसांसमोर गायचं म्हणजे मयताच्या घरात गाण्यासारखं. मी तिला तसं म्हटलं.

"पहिले दोन-तीन दिवस मलापण तसंच वाटलं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आजी, मी तुझा हळदीचा धवला म्हणायचे शेवटी."

"लगीन कुनाचं व्हतं?"

"कुणाचंच नव्हतं."

मी जवळ्याचं ताट खाली ठेवलं. "आनि अख्खा म्हटलास?"

"नाही. शेवटचा शब्द गिळला."

हे सांगायला हवं. धवला लग्नाबाहेर म्हणायचा नसतो. शिकायला, आठवायला म्हणावाच लागला तर प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द गिळायचा, तोंडातच ठेवायचा. ओळ पुरी झाली की देव येतात, आणि मांडव नसला तर बसतील कुठे? मी तिला हे लहानपणी कधीतरी सांगितलं असेल. मी विसरले होते. ती साता समुद्रापलीकडे जाऊन रोज शब्द गिळत होती.

"मग ते लोक काय म्हनाले?"

"त्यांना वाटलं हीच माझी स्टाइल. एका बाईने येऊन विचारलं, तुम्ही प्रत्येक ओळीला थबकता, ते विरहामुळे का?"

"तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. सदरा घेतला तिने."

मी हसले. मग मला जे खरं विचारायचं होतं ते विचारलं. "झेलायला कोन व्हतं?"

धवला एकटीने म्हणता येत नाही. मी ओळ म्हणते, दुसरी ती झेलते, म्हणजे तीच ओळ परत म्हणते. ती म्हणत असते तेवढ्यात मी श्वास घेते आणि पुढची ओळ आठवते. माझी झेलणारी, माझी जोडीण, आळीच्या दुसऱ्या टोकाला राहते. दिवाळीनंतर ती मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती खाटेवर आहे. तेव्हापासून मी एकाही लग्नाला गायले नव्हते. दोन घरं बोलवायला आली, दोघांना नाही म्हटलं.

नातीने बॅगेतून एक डबा काढला. लोखंडी, जेवणाच्या डब्याएवढा, वर दोन कळा. पायाने दाबायच्या.

"हा झेलायचा," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात समोरच्या घरची म्हातारी येऊन बसली होती. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. बाई सरळ बोलणारी.

"तुजं काय ठरलं? येतेस का नाय?"

"जोडीण पडलेली हाय. कशी येऊ?"

"मग मी काय करू? पोरं म्हनतात, आजी, टेन्शन नको घेऊस, मोबाइलवर धवले मिळतात. डीजेवाला लावतो."

"कुठल्या गावचे?"

"मला काय म्हाईत. खाडीपलीकडचे असतील."

हे मला झोंबलं. धवल्यात गावच्या देवांची नावं येतात, वेशीवरच्या, खाडीकाठच्या, मिठागरावरच्या. मोबाइलवरची बाई तिच्या गावचे देव बोलावणार. आमच्या मांडवात परके देव येऊन जेवणार आणि आमचे वेशीवर उभे. आणि एकदा मोबाइलवर भागलं की पुढच्या लग्नाला मला कोण विचारतो? परंपरा वगैरे शब्द पेपरवाले वापरतात. मला एवढंच दिसत होतं की ही हळद माझ्या हातून गेली तर आळीतला धवला गेला, आणि मी उरले जवळा निवडायला.

म्हणून मी त्या डब्याकडे नीट पाहिलं.

"हा कसा झेलतो?"

"तू म्हण. मी कळ दाबते, तो ऐकतो. परत दाबते, तो म्हणतो. दुसरी कळ दाबेपर्यंत म्हणतच राहतो."

मी एक ओळ म्हटली, शेवटचा शब्द गिळून. नातीने कळ दाबली. डब्यातून कोणीतरी म्हातारी गायला लागली. आवाज फाटका, दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखा.

"ही कोन मेली?"

"तूच."

माझा विश्वास बसेना. मी डब्यासमोर खोकले, डबा खोकला. मी त्याला एक शिवी दिली. त्याने तीच शिवी माझ्याच आवाजात मला दिली. सून आतून बाहेर आली आणि म्हणाली, "आत्या, शेजारी काय म्हणतील?" डब्याने तेही म्हटलं. मग सून पदर तोंडावर घेऊन आत पळाली.

मला तो डबा आवडला. तो दमत नाही, पान लावायला उठत नाही, माझ्या सुनेच्या चुगल्या ऐकायला मागत नाही. चार दिवस आम्ही दोघी ओटल्यावर बसून सराव केला. मी ओळ म्हणायची, शेवट गिळायचा, नात पाय दाबायची, डबा झेलायचा, आणि मला श्वास मिळायचा. नात मध्येच म्हणाली, "आजी, तू अर्धा सूर वर चढतेस." मी म्हटलं, "तू गप." पण नंतर लक्ष ठेवलं, तर खरंच चढत होते. जोडीणसुद्धा माझ्याबरोबर चढायची, म्हणून कळत नव्हतं.

एकदा मी तिला विचारलं, तुझा स्वतःचा आवाज बसलाय तो कशाने? ती म्हणाली, थंडीने, आणि रोज गाऊन. मग म्हणाली, "आणि आजी, कधी कधी वाटतं मी तिकडे एकटीच माझ्याशी बोलत असते." ती हे हसत म्हणाली, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

मी समोरच्या घरी निरोप दिला, येते म्हणून.

हळदीचा मांडव आळीतच घातला होता. कमानीला दिवे, मागे डीजेचे खोके भिंतीएवढे. पोरं घड्याळाकडे बघत होती, कारण दहाला आवाज बंद करावा लागतो. त्यांनी आम्हाला एक तास दिला होता, जसा काही त्यांच्या बापाचा मांडव. पितरांना बसायला उंबराची फांदी सकाळीच आली होती. देव आणि पितर मी सकाळी बोलावून घेतले, डबा घेऊन. ते काम निर्विघ्न झालं. बायका डब्याला बघायला गोळा झाल्या. एक म्हणाली, "दोन्ही आवाज तुजेच गो! जोडीणीचा वाटा वाचला." मला बरं वाटलं, हे कबूल करते.

संध्याकाळी हळद. नवरी पाटावर बसली. नातीने माइक माझ्या तोंडाशी लावला, डबा आपल्या पायाशी ठेवला. हळदीच्या धवल्यात घरातल्या बायकांना एकेक करून नावाने बोलवायचं असतं. मी नाव घेते, झेलणारी ते नाव परत घेते, आणि झेलल्यानंतरच ती बाई पुढे होऊन हळद लावते. आधी नाही. एका तोंडचं बोलावणं म्हणजे उगाच हाक, दोन तोंडचं म्हणजे मान.

नाव ओळीच्या शेवटी येतं. आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल. सरावात आम्ही शेवटचा शब्द गिळत होतो. म्हणजे चार दिवसांत एकही नाव माझ्या तोंडून बाहेर आलं नव्हतं.

पहिलं नाव नवरीच्या आईचं. डब्याने झेललं. आई आली, हळद लावली. दुसरी ओळ. त्या घरात मी कितीतरी लग्नं गायली आहेत, आणि आईनंतर दरवेळी थोरल्या काकीचं नाव. तोंडाला सवय. मी ओळ उचलली आणि थोरल्या काकीचं नाव घेतलं.

थोरली काकी गौरी-गणपतीच्या आधी वारली होती. मीच तिच्या तेराव्याला जेवून आले होते.

नाव तोंडातून सुटलं आणि मला कळलं. जोडीण असती तर तिने झेलताना नाव बदललं असतं. झेलणारीचं अर्धं काम तेच असतं. पहिली चुकली तर दुसरीने चूक गिळायची आणि बरोबर नाव घ्यायचं. मग पहिलं नाव हवेत जातं, त्याला मान नाही. पण नातीचा पाय आधीच कळेवर पडला होता. डब्याने माझ्या आवाजात, खणखणीत, थोरल्या काकीला हळद लावायला बोलावलं.

मांडवातल्या बायका जिथल्या तिथे थांबल्या. धाकटी काकी पुढे येत होती, तिचा हात वाटीतच राहिला. डबा थांबायचं माहीत नसलेला, आणि दुसरी कळ दाबायचं नातीला सुचेना. त्याने परत बोलावलं. आणि परत. थोरले काका मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ते उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही माहीत नसावं. नाव घेतलं की घरातलं माणूस उठतं, म्हणून उठले असतील.

नवरीच्या आजीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सरळ होता. मेलेल्या बाईची हळद माझ्या नातीला लागणार का?

माझ्याकडे पुढची ओळ नव्हती. चूक दुरुस्त करायची असेल तर ती दुसऱ्या तोंडाने करायची असते. पहिलीने आपलंच नाव मागे घेतलं तर अख्खा धवला मोडतो.

नातीने वाकून डब्याची वायर उपसली. डबा मध्येच मुका झाला. मागून डीजेच्या पोरांपैकी कोणीतरी म्हणालं, "लाइट गेली काय?" त्याला कोणीतरी चापट मारल्याचा आवाज आला.

आणि नातीने ओळ झेलली.

माझ्याच माइककडे वाकून, बसलेल्या आवाजात. तिने काकीचं नाव घेतलं, पण हळदीला नाही बोलावलं. सकाळची पितरांची ओळ असते, त्या ओळीत ते नाव घातलं. ये आणि उंबराच्या फांदीखाली बस, असं त्या ओळीत आहे. शब्द मी इथे लिहीत नाही. कागदावर मांडव नाही. मग न थांबता ती हळदीच्या ओळीवर परत आली आणि धाकट्या काकीचं नाव घेतलं. पुरं. शेवटचा शब्द गिळला नाही. तिच्या तोंडून ओळ पुरी झालेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

थोरल्या काकांनी फांदीकडे पाहिलं. जरा वेळ उभे राहिले आणि खाली बसले. धाकटी काकी आली, हळद लावली. मी पुढची ओळ उचलली, नातीने झेलली. डबा शेवटपर्यंत पायाशी पडून होता. माझ्या हिशोबाने ती प्रत्येक ओळ घाईने झेलत होती, मला श्वास पुरत नव्हता. पण नावं बरोबर होती. आम्ही एक तासापेक्षा जास्त घेतला. पोरांची काही बोलायची हिंमत झाली नाही.

घरी येताना मी तिला विचारलं, "पितरांची ओळ तुला कशी ठाऊक?"

"तुझ्या मांडीवर झोपायचे ना लग्नात. झोप कुठे लागायची? तू कानातच ओरडायचीस."

"आनि तिकरं? तिकरं तू चुकलीस तर कोन झेलतं?"

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. "कोणी नाही. डबा झेलतो. चूकसुद्धा तशीच झेलतो. मग मी ती चूक मुद्दाम केली असं दाखवते आणि त्याच्यावर पुढचं रचते."

"लोकांना कळतं?"

"टाळ्या वाजवतात."

हे मला अजून नीट समजलेलं नाही. चुकीला टाळ्या वाजवणारी माणसं कशी असतील, आणि मग त्यांना बरोबर काय ते कसं कळत असेल? एकदा जाऊन बघावंसं वाटतं. पण गुडघे आहेत, आणि तिकडची थंडी.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी जोडीणीकडे गेलो. हळदीच्या दिवशी कर्ण्याचा आवाज तिच्या खाटेपर्यंत पोचला होता. तिने सगळं ऐकलं होतं. आम्ही बसायच्या आधीच तिने सुरू केलं.

"आधी तू तुज्याच मागं बोलत व्हतीस, येड्यावानी. मंग ती दुसरी कोन व्हती?"

"ही."

जोडीणीने नातीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बुटांवर नजर जास्त वेळ राहिली.

"घाई करतेस. ही म्हातारी हाय, तिला श्वास घेऊ दे. आनि पितरांना कोनी संध्याकाळी बोलावतं? कशाला?"

"दुसरं काही सुचलं नाही, आजी."

"बायकोचं नाव ऐकून थोरला उठला आसंल. बसला का खाली?"

"बसला," मी म्हटलं.

"मंग झालं." तिने उशी सरकवायला सांगितली आणि जरा उठून बसली. "पावसाळ्याआधी अजून दोन मांडव हायेत आळीत. तू जातेस कवा?"

"पाऊस संपल्यावर पुढचे कार्यक्रम आहेत."

"मंग बस इथं. चूक कशी गिळायची ते ही नाय शिकवनार तुला. हिला फक्त चुका करता येतात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चल गो, म्हन एक ओळ. शेवट गिळ. आनि मधी कुठंतरी चूक."

मी ओळ उचलली. बरोबर आली. परत उचलली. तीही बरोबर.

"चूक म्हनते ना!" ती खाटेवरून ओरडली.

नात हसत सुटली. मी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. मुद्दाम चुकायचं काही मला जमेना.